मी झाड झालो त्याची गोष्ट

मी आयुष्यात बरंच काही व्हायचं ठरवलं होतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच झालो नाही; पण एका मे महिन्यात, एका रविवारच्या दुपारपुरता, मी झाड झालो होतो. अगदी पुरतं झाड. अंगभर फांद्या, तोंडावर पाला, कमरेला कोथिंबिरीची जुडी. एडमंटनमधल्या आमच्या गल्लीतली जुनी माणसं (इकडे गल्लीला क्रेसेंट म्हणतात, पण वळण घेतलं म्हणून गल्लीची जात काही बदलत नाही) मला अजून ओळखतात ती त्या एका दुपारवरून. पुढे उभा जन्म मी ज्या नोकऱ्या केल्या त्यांवरून नव्हे. नातीला हे सांगितलं की ती फोनमधून मान वर न काढता म्हणते, "आजोबा, दॅट्स सो रँडम." खरं आहे तिचं. पण त्या वर्षात आमच्या घरी घडलेली ती एकच गोष्ट. बाकी वर्षभर काही घडलंच नाही, आणि ते न घडणं आधी सांगितल्याशिवाय झाडाची गोष्ट सांगता येणार नाही.

आदल्या पानगळीत बाबा गेले. थोडक्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, कुणाला फारसा त्रास न देता. म्हणजे जसे राहिले तसेच गेले. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. कॅल्गरीहून सुहासकाका, बाबांचा धाकटा भाऊ, गाडी हाणत आला. त्यानं सगळं केलं, मला दंडाला धरून जिथं उभं करायचं तिथं उभं केलं, आणि मग तोही परत गेला. मला फार वाईट वाटत होतं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? गाल आपलाच असतो, बोटानं चाचपला तर जागेवर असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. तसं आमचं घर झालं होतं. फर्नेस सुरू व्हायचा, घरघरायचा, बंद पडायचा. फ्रिज मध्येच अंग झटकायचा. आणि हॉलच्या छताला लावलेला धुराचा अलार्म, बॅटरी संपत आली होती म्हणून, थोड्या थोड्या वेळानं एकदाच चिवचिवायचा. जणू छतात एक चिमणी अडकली होती आणि तिला घाई नव्हती. बॅटरी बदलायचं काम बाबांचं. मी स्टुलावर चढलो असतो तर चहा उकळायच्या आत झालं असतं. मी आणि आईनं अख्खा हिवाळा ती चिवचिव ऐकून काढला.

बाबा होते तेव्हा हाच अलार्म आमची जेवणाची घंटा होता. आईनं कढईत मोहरी टाकली, ती तडतडली, वर मिरच्या पडल्या की तो बोंब ठोकायचा. बाबा पेपर वाचत असले तर तोच पेपर घेऊन त्याच्याखाली जायचे, वारा घालत उभे राहायचे आणि वर बघून म्हणायचे, "हो, कळलं. पानं घेतोच." बाबा गेल्यावर आईनं फोडणी बंद केली. ठरवून नव्हे. वरण शिजायचं, भात शिजायचा, मीठ पडायचं, ताट पुढं यायचं. मी जेवायचो. आपण काय जेवलो हे उठल्यावर आठवायचं नाही.

आणि आई 'चालेल' म्हणायची. कशालाही. "आई, आज पिझ्झा मागवू?" "चालेल." "आई, आज काही नकोच खायला." "चालेल." एकदा मी मुद्दाम म्हणालो, "आई, मी शाळा सोडून उत्तरेला ट्रक चालवायला जातो." तिनं ओट्यावरून फडकं फिरवलं आणि म्हणाली, "चालेल. टोपी घेऊन जा." ही माझी आई माणदेशातली, आटपाडीकडची. लग्न ठरतानाच्या बैठकीत तिनं आजोबांच्या देखत हुंड्याला नाही म्हटलं होतं आणि बाबांच्या मिशीलाही. त्या बाईच्या तोंडून 'नाही' हा शब्दच गेला होता. मार्चमध्ये काकानं फोनवर सांगितलं, "वहिनी, घर विकून टाकू. आमचं बेसमेंट रिकामंच आहे, एंट्रन्स वेगळी आहे, दिगू इथंच युनिव्हर्सिटीला अप्लाय करेल. एकट्यानं बर्फ शोव्हल करत कशाला राहायचं?" काका मनापासून बोलत होता. असा दीर मिळायला नशीब लागतं. आई म्हणाली, "चालेल." मी दुसऱ्या फोनवर ऐकत होतो. तिला कॅल्गरीला जायचं असतं तरी माझी हरकत नव्हती. फक्त तिनं 'जायचंय' म्हणावं, नाहीतर 'नाही' म्हणावं. एकदा ते घर विकलं गेलं की ती काका-काकूंच्या बेसमेंटात बसून मरेपर्यंत 'चालेल' म्हणत राहील, हे मला पुरतं दिसत होतं. दिसत होतं, पण त्याचंही काही वाटत नव्हतं. गाल बधिर होता.

आता मोरागबद्दल. मोराग आमची शेजारीण, स्कॉटलंडमधल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावची, निवृत्त शाळामास्तरीण. आई तिला मोराबाई म्हणायची. मोरागच्या फाटकावर भाजक्या मातीचा एक चेहरा टांगलेला होता. पुरुषाचं तोंड, पण दाढीमिशा सगळ्या पानांच्या, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून वेली फुटून कानामागं गेलेल्या, डोळे तेवढे माणसाचे. तो ग्रीन मॅन. तिच्या मुलखात जुन्या चर्चच्या खांबांवर असे चेहरे कोरलेले असतात म्हणे. देव नवा आला तरी पाथरवटांनी जुन्याला कोपऱ्यात जागा ठेवली. आम्ही या घरात आलो त्या पहिल्या दसऱ्याला आईनं आमच्या गाडीची पूजा केली आणि तबक घेऊन सरळ मोरागच्या फाटकाशी जाऊन त्या तोंडाला हळदकुंकू लावून आली. "आपल्या देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं तसंच आहे की. दारात तोंड आणि कपाळ रिकामं, बरं दिसत नाही." बाबा घाबरून ओली फडकी घेऊन माफी मागायला धावले. मोराग बाहेर आली, बराच वेळ चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "असू दे. एवढा रुबाबदार तो कधीच दिसला नव्हता."

तेव्हापासून दोघींची कुंपणावरून मैत्री. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, दुभाष्या मी, आणि मी त्या वयात फार हलकट दुभाष्या होतो. मोराग सांगायची, एल्डरच्या झाडात एक म्हातारी राहते, फांदी तोडायच्या आधी तिची परवानगी काढावी लागते, नाहीतर ती घरातला पाळणा हलवून जाते. आई म्हणायची, परवानगी तर काढायचीच. आणि दिवे लागल्यावर तीही मागायची नाही, झाड निजलेलं असतं. मोराग सांगायची, आमच्या तळ्यात घोडा राहतो, पाठीवर बसलं की पाण्याखाली नेतो. आई विहिरीतल्या साती आसरा सांगायची. पिंपळावरचा मुंजा मी मोरागला समजावून सांगितला तो असा, की लग्न न झालेला एक भारतीय मुलगा झाडावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत असतो. मोराग माझ्याकडं बघून म्हणाली, "ही गोष्ट मला तुझ्या खिडकीवरून माहीत आहे." तिच्या भाचीकडं बघायचो मी त्या खिडकीतून. दुभाष्यानं फार हुशारी करू नये.

बाबा गेल्यावर आई कुंपणाशी जायची बंद झाली. मोराग अधूनमधून सूप आणून ठेवायची, आई डबा घासून परत पाठवायची. फाटकावरच्या तोंडाला त्या दसऱ्याला कुंकू कुणी लावलंच नाही.

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मोराग आणि तिचे चारदोन मित्र त्यांच्या गावाकडची एक चाल पाळायचे. एका पोराला पायापासून डोक्यापर्यंत पाल्यात गुंडाळायचं, आणि वाजत गाजत दारोदार न्यायचं. तो म्हणजे रानाचं वारं, हिरवा पोरगा. त्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बोलला तर उन्हाळा मागं फिरतो. प्रत्येक घरानं त्याला काहीतरी प्यायला द्यायचं. फेरी संपली की पाला ओरबाडून वाऱ्यावर सोडायचा, म्हणजे उन्हाळा सुटला. आमच्या घरानं हे कधी बघितलं नव्हतं, कारण बरोबर त्याच रविवारी मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिन असायचा आणि आम्ही कुठल्यातरी हॉलमध्ये श्रीखंडाच्या रांगेत असायचो. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. मोरागचा नेहमीचा पोरगा व्हँकुव्हरला गेला होता. तिनं ड्राइव्हवेत मला गाठून विचारलं, "या वर्षी तू होशील ना हिरवा?" मी "शुअर" म्हणालो. नीट ऐकलंही नव्हतं. आईच्या 'चालेल'ची लागण मलाही झाली होती, एवढंच.

हिरवा पोरगा व्हायला हिरवं काहीतरी लागतं, आणि एडमंटनमध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात हिरवं काही नसतं. पॉप्लरच्या फांद्यांना चिकट डोळे फुटलेले असतात, बस. रस्त्याच्या कडेला मागच्या हिवाळ्याचे काळे, खडी मिसळलेले ढीग असतात. मोराग म्हणाली, तिच्या गावी यावेळेला हॉथॉर्न बहरतं. इथं आम्ही तिच्या गॅरेजात कोंबड्यांच्या जाळीचा पिंप माझ्या अंगावर चढवला आणि त्यात स्प्रूसच्या फांद्या खोवल्या. स्प्रूस टोचतो. देवदार जातीच्या कुठल्याही झाडाला मिठी मारू नये असा माझा सगळ्यांना सल्ला आहे. तरी तोंड उघडं पडत होतं. मी मागच्या दारानं घरी गेलो, आणि काकानं आदल्या आठवड्यात ग्रोसरी भरून दिली होती त्यातली मेथी, कोथिंबीर आणि कढीपत्ता, जे फ्रिजमध्ये तसंच पडून होतं, उचलून आणलं. मेथी तोंडावर, कढीपत्ता कानाशी, कोथिंबीर कमरेला. माझे कापडी बूट बघून मोराग म्हणाली, असल्या बुटांत भिजून मरशील. म्हणून मागच्या पडवीत दिसले ते हिवाळी बूट पायात घातले. तपकिरी, बाबांचे. ते त्या जागेवरून कुणी हलवले नव्हते. मी ते कसलाही विचार न करता घातले. मला मोठे होत होते म्हणून मोजे डबल. "आई, मोरागकडं मदतीला चाललोय," मी आत ओरडलो. "चालेल." काका तोवर आलेला होता. विक्रीचे कागद टेबलावर पसरून, चष्मा लावून, कुठं कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं फुल्या मारत बसला होता.

फेरी निघाली. पुढं अकॉर्डियनवाला, मागं एक ढोल, मध्ये काठी टेकत मोराग, आणि तिच्यामागं डुलत डुलत मी. वारा उत्तरेचा. दार वाजवलं की माणसं बाहेर यायची, हसायची, आणि मेथीतून एक स्ट्रॉ आत घालायची. सफरचंदाचा रस, गॅस गेलेला सोडा, पुन्हा सफरचंदाचा रस, एका घरी टोमॅटोचं सूप. बोलायचं नव्हतं, म्हणून 'पुरे' म्हणता येत नव्हतं. गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत मला वॉशरूमची इतकी निकड लागली की हिंदूंचे आणि स्कॉटिशांचे सगळे देव एका रांगेत आठवले, आणि जाळीच्या पिंपातून ते कसं करायचं याची सोय कुठल्याच परंपरेनं केलेली नाही. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. पाय तर कुणा दुसऱ्याचेच झाले. मला त्याचं नवल वाटलं नाही. मौन आणि बधिरपणा, दोन्हीत मी सहा-सात महिन्यांचा तरबेज होतो.

शेवटचं घर आमचं. अकॉर्डियनवाल्यानं बेल दाबली. दार काकानं उघडलं. त्यानं आम्हा सगळ्यांकडं एक नजर टाकली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "नो, थँक यू. वी आर नॉट इंटरेस्टेड." मग आत वळून, "काही नाही वहिनी, चर्चची माणसं आलीयत."

पण आई त्याच्या मागं येऊन उभी राहिली होती. हातात पेन. मेथीच्या दोन काड्यांमधून मला ती दिसत होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. बराच वेळ. मग पेन काकाच्या हातात दिलं आणि आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पुरणाचं मोठं पातेलं होतं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं.

"व्हा बाजूला, भाऊजी."

"वहिनी, अहो, हे काय—"

"व्हा म्हणते ना."

आणि तिनं ते पातेलं माझ्या डोक्यावर रिकामं केलं.

एडमंटनच्या नळाचं मेमधलं पाणी म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. डोक्यातून एक पांढरा आवाज आला. मी तोंड उघडलं. ओरडायचं नाही हे आठवलं. उघड्या तोंडात कढीपत्ता गेला. आई आत जाऊन दुसरं पातेलं घेऊन आली. तेही ओतलं. ओतताना ती पुटपुटत होती, चालीत, लहान पोरीच्या आवाजात. तेव्हा कुठं माझ्या गोठलेल्या डोक्यात उजेड पडला. धोंडी. आईच्या गावाकडं पाऊस लांबला की एका पोराला कडुलिंबाच्या डहाळ्या गुंडाळून दारोदार फिरवतात, त्याला धोंडी म्हणतात, आणि बायका उंबऱ्यातून त्याच्या डोक्यावर घागरी ओततात. तिचा भाऊ लहानपणी धोंडी व्हायचा, हे तिनं मला झोपवताना कितीदा सांगितलं होतं. दारात पाल्यातला पोरगा उभा राहिला. आईच्या हातांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. तिला विचारायला ते थांबले नाहीत.

"वहिनी, बास! न्यूमोनिया होईल त्या माणसाला! कोण आहे कोण तो?"

"धोंडी आहे," आई म्हणाली. "हात खाली सोड रे. नीट उभा राहा."

तिसरं पातेलं कोमट होतं. ते मानेवरून पाठीत उतरलं, आणि त्या पाण्यात आणखी थोडं पाणी मिसळलं की नाही, ते मी या वयात सांगणार नाही. मोराग काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. ती अकॉर्डियनवाल्याला म्हणाली, "माझी आजी सांगायची, पूर्वी पाणी टाकायचे. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून सोडलं." मग पुढं होऊन तिनं माझ्या तोंडावरची मेथी ओढली आणि वाऱ्यावर सोडली. फेरी संपली होती.

"दिगू?" काका म्हणाला. "गाढवा!"

आई मात्र दचकली नाही. "आत ये," ती म्हणाली. "पाय बघू."

पुढं फार वर्षांनी, ती सत्तरीची झाल्यावर, मी तिला विचारलं, तुला केव्हा कळलं मी आहे ते? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "बूट बघितले." मी म्हटलं, म्हणजे माझे? तर म्हणाली, "तुझे कुठं होते?" आणि शेंगा सोलत राहिली. पहिलं पातेलं तिनं कुणाच्या डोक्यावर ओतलं, ते मी पुढं विचारलं नाही.

मला टबात कोमट पाण्यात पाय घालून बसवलं. पाय परत यायला लागले. बधिर होताना काही वाटत नाही, पण परत येताना ते ज्या झिणझिण्या घेऊन येतात त्या कुणाच्या वाट्याला न येवोत. मी रडलो. बराच वेळ, नाक वाहेपर्यंत, आवाज काढून. ते पायांमुळे, हे मी आजही शपथेवर सांगतो.

"धोंडीला उपाशी पाठवत नाहीत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि ज्वारीचं पीठ काढलं. पिठल्यासाठी कढई चढली. तेल तापलं, मोहरी पडली, मिरच्या पडल्या, आणि हॉलमधली ती चिवचिवणारी चिमणी, बॅटरीत उरलेला सगळा जीव गोळा करून, बोंब ठोकून उठली. मोराग, ढोलवाला, अकॉर्डियनवाला सगळे दचकून उभे राहिले. काका इकडंतिकडं बघत होता. मग त्यानं टेबलावरचे विक्रीचे कागद उचलले, अलार्मखाली गेला आणि त्या कागदांनी वारा घालायला लागला. आई दारात येऊन त्याच्याकडं बघत राहिली. हातात झारा. अलार्म शेवटचा एकदा कण्हला आणि गप्प झाला.

सगळे जेवले. मोरागनं ठेचा खाऊन डोळे पुसले आणि आणखी मागितला. ती मंडळी गेल्यावर काकानं कागद सरळ केले, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तेवढी सही झाली की मी उजेडात निघेन."

आई ताटं गोळा करत होती. "आज कशी करणार, भाऊजी? धोंडीला पाणी घातलंय मी. पाऊस पडेपर्यंत घर मोडायचं नसतं."

"असं कुठं असतं?"

"आमच्याकडं असतं."

काका पुण्यात वाढलेला. धोंडी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, तोही गॅरेजातल्या जाळीत. वाद कशावर घालणार? त्यानं पेनाला टोपण लावलं. "बरं. पाऊस पडला की कळवा." (पुढं आटपाडीला गेलो तेव्हा मी मावशीला विचारलं. मावशी हसून हसून खाली बसली. असा कुठलाही नियम नाही. कधीच नव्हता. आईनं तो ताटं उचलता उचलता तयार केला होता.)

मंगळवारी बर्फ पडला. काकाचा फोन आला. "वहिनी, एडमंटनला पडला म्हणे?" आई म्हणाली, "बर्फ पडला. त्याला पाऊस म्हणत नाहीत." मग कोरडा पंधरवडा गेला, पॉप्लरना पानं आली, इतकी एकदम की सकाळी शाळेत जाताना नव्हती आणि दुपारी होती. स्टुलावर चढून मी बॅटरी बदलली. आई एकदा कुंपणाशी जाऊन आली. दसरा नव्हता, काही नव्हतं, पण त्या मातीच्या कपाळावर ताजं कुंकू दिसलं. तो चेहरा आता माझ्या फाटकावर असतो. मोरागनं जाताना आमच्याकडं दिला. कुंकू मी लावतो. नात फोटो काढते.

आणि मग जूनमध्ये एका संध्याकाळी आला. इकडचा पाऊस एरवी चोरट्यासारखा येतो, पण त्या दिवशी तो ढोल घेऊन आला. छतावर, डेकवर, सामान बांधायला काकानं आणून ठेवलेल्या खोक्यांवर. पन्हाळी भरून वाहायला लागल्या. आई मागचं सरकतं दार उघडून उभी राहिली आणि तिनं एक हात बाहेर धरला. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. काका. मी वायर ताणत फोन तिच्याकडं नेला. आमच्या फोनची वायर लांब होती, अगदी दारापर्यंत पोचायची.

"वहिनी," काकाचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता, "पाऊस?"

आईचा एक हात बाहेर, कोपरापर्यंत ओला. दुसऱ्या हातात फोन. पाऊस इतका वाजत होता की तिला ओरडून बोलावं लागलं.

"नाही!"

पलीकडं काका नुसता ऐकत असणार. त्या फोनमधून कॅल्गरीपर्यंत आमच्या डेकवरचा पाऊस धो धो ऐकू जात असणार.

"एक थेंब नाही, भाऊजी!"

"बरं," काका म्हणाला. "पडला की कळवा."

पुढं काका होता तोवर, दिवाळीचा असो, वाढदिवसाचा असो, दर फोनच्या शेवटी तो विचारायचा, "वहिनी, पाऊस?" आणि ती म्हणायची, "नाही." ते विचारणारा आणि ते सांगणारी, दोघंही आता नाहीत. मी त्याच घरात आहे. आमच्या घरच्या हिशोबानं एडमंटनमध्ये अजून पाऊस पडलेला नाही.